हॅमस्टरचा डोळा चिकटला, तेव्हापासून बरा होईपर्यंत

आमच्या चिंगीचा डावा डोळा पूर्ण बरा झाल्याचं डॉक्टरांनी २९ ऑगस्टला सांगितलं. चिंगी सव्वा वर्षाची सीरियन हॅमस्टर आहे. डोळा पहिल्यांदा चिकटला त्या रात्री मी माहिती शोधत बसले होते. कुत्र्या-मांजरांबद्दल ढिगाने सापडत होतं, हॅमस्टरबद्दल मात्र 'डॉक्टरांना दाखवा' यापलीकडे फारसं काही हाती लागत नव्हतं. दाखवायचं खरंच आहे, पण कोणत्या डॉक्टरांना, काय विचारायचं आणि तोवर घरी काय करायचं, हेच नेमकं कळत नव्हतं. म्हणून क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषधांची नावं दिली आहेत ती तुम्हाला दवाखान्यात प्रश्न विचारता यावेत एवढ्यासाठी. नाव वाचून परस्पर औषध घालू नका.

२ ऑगस्टला, शनिवारी रात्री, ती घरट्यातून बाहेर आली तेव्हा डावा डोळा घट्ट मिटलेला होता. पापणीच्या कडेला तपकिरी खपली, त्यात खालचे केस चिकटून टोकदार झालेले, आणि ती पुढच्या पंजाने पुन्हा पुन्हा तीच बाजू पुसत होती. हॅमस्टर दिवसातून अनेकदा तोंड धुतो, पण दोन्ही पंजांनी आणि दोन्ही बाजूंनी. एकच बाजू सारखी पुसली जात असेल, तर तिथे काहीतरी खुपतंय असं धरून चालावं.

म्हाताऱ्या हॅमस्टरचे डोळे झोपेत चिकटणं तसं नेहमीचं. कोमट पाण्याने पुसलं की डोळा उघडतो, उघडाच राहतो, आणि काळाभोर, चकचकीत दिसतो. असं असेल तर एक-दोन दिवस नजर ठेवून बघायला हरकत नाही. पुसल्यावर आत लाली दिसली, पिवळा-पांढरा पू असला, पापणी सुजलेली असली किंवा थोड्या वेळात डोळा पुन्हा मिटला, तर मात्र दवाखान्याची तयारी करायची. चिंगीचं दुसऱ्या प्रकारचं होतं.

पुसायची पद्धत सांगते, कारण त्या रात्री मला हवी होती ती हीच माहिती. औषधाच्या दुकानात मिळणारं ०.९ टक्क्यांचं निर्जंतुक सलाईन घ्यायचं, नसेल तर उकळून कोमट केलेलं पाणी. कापसाचे तंतू डोळ्यात जातात, म्हणून गॉझचा तुकडा बरा. तो भिजवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यावर नुसता टेकवून धरायचा, मिनिटभर तरी. खपली आपोआप मऊ होते. मग नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला एकदाच पुसायचं आणि तो तुकडा टाकून द्यायचा. दुसऱ्या डोळ्याला दुसरा तुकडा. पापण्या बोटांनी ताणून उघडायच्या नाहीत. चहाचं पाणी, बोरिक पावडर, मध असलं काही घालायचं नाही. आपले हात आधी आणि नंतर साबणाने धुवायचे. आधी तिच्यासाठी, नंतर आपल्यासाठी.

डोळा उघडला तेव्हा आत गुलाबी सूज होती आणि कोपऱ्यात पिवळट पुवाचा धागा. तासाभरात पापणी पुन्हा मिटली.

रविवारी सगळे दवाखाने बंद. त्या दिवशी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वाटी ठेवून तिचं वजन केलं: १२८ ग्रॅम. तेव्हापासून रोज रात्री त्याच वेळेला वजन लिहून ठेवलं. एवढ्या लहान जिवाचं दुखणं वजनात आधी दिसतं. दहावा हिस्सा वजन उतरलं तर डोळ्याहून गंभीर काहीतरी चाललेलं असू शकतं. दुसरं म्हणजे डोळ्याचे फोटो काढले, तारीख-वेळेसह. दवाखान्यात गेल्यावर प्राणी घाबरून डोळा घट्ट मिटतो, तेव्हा हेच फोटो कामी येतात.

घरात सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब शिल्लक होते. "तेच घाल की एक थेंब," असं त्या मायेनेच म्हणाल्या. अशा थेंबांत बहुधा अँटिबायोटिकच्या जोडीला डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड असतं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला जखम असेल तर स्टेरॉइडने ती भरत नाही, उलट खोल जाऊ शकते, डोळा फुटूही शकतो. जखम आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. म्हणून ते थेंब कपाटातच राहिले.

सोमवारी सकाळपासून फोन सुरू केले. "हॅमस्टर बघता का?" या प्रश्नाला बरेच जण हो म्हणतात. त्याने काही कळत नाही. विचारायचं असं: डोळ्यात रंग घालून कॉर्निया तपासता का? ग्रॅममध्ये मोजणारा काटा आहे का? एवढ्या लहान प्राण्याला भूल देण्याची सोय आहे का? या तीन उत्तरांवरून दवाखाना लहान प्राण्यांना सरावलेला आहे का, ते लगेच समजतं. सगळीकडे होकार मिळाला त्या डॉक्टरांची वेळ बुधवारची होती. तोवर थांबायला मन तयार होईना, म्हणून सोमवारी संध्याकाळी जवळच्या एका दवाखान्यात गेलो.

तिथल्या केसपेपरवर प्राण्याच्या रकान्यात कुत्रा, मांजर आणि 'इतर' एवढंच होतं. मोठ्या काट्यावर चिंगीचं वजन उमटलंच नाही. डॉक्टरांनी टॉर्चने बघितलं, 'इन्फेक्शन' म्हणाले आणि दोन औषधं लिहून दिली: अँटिबायोटिक-स्टेरॉइडचे मिश्र थेंब आणि तोंडाने द्यायचं अमॉक्सिसिलिन. मी दोन्हींबद्दल विचारलं. मांजरांना देतो, चालतं, असं उत्तर मिळालं. तपासणीचे पैसे भरले, केसपेपर घेतला आणि औषधं न घेता घरी आलो.

अमॉक्सिसिलिनबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण डोळ्यापेक्षा या औषधाने हॅमस्टर दगावण्याची भीती जास्त. हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जीवाणू पेनिसिलिन गटातल्या औषधांनी, तसंच क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन यांनीही, मारले जातात. त्या रिकाम्या जागी क्लोस्ट्रिडियम डिफिसिल हा जीवाणू माजतो, त्याच्या विषाने जुलाब होतात आणि काही दिवसांत प्राणी जातो. हे इतकं पक्कं माहीत आहे की माणसांत अँटिबायोटिकनंतर होणाऱ्या आतड्याच्या सुजेमागे हाच जीवाणू आहे, हे १९७०च्या दशकात उलगडलं ते हॅमस्टरवरच्या प्रयोगांच्या मदतीने. गिनीपिगलाही हाच धोका. डोळ्याला लावलेलं मलमसुद्धा ते पंजाने पुसून चाटतात, म्हणून 'फक्त बाहेरून लावायचंय' एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. ऑफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा क्लोरॅम्फेनिकॉलचे थेंब हॅमस्टरना सहसा चालतात. पण निवड डॉक्टरांची.

बुधवारी, ६ तारखेला, दुसऱ्या दवाखान्यात गेलो. वेळ मुद्दाम संध्याकाळची घेतली होती. दिवसा गाढ झोपेतून उठवलेला हॅमस्टर चिडलेला असतो. प्रवासाच्या डब्यात तिच्याच घरट्यातलं बेडिंग घातलं, पाण्याची बाटली गळून सगळं ओलं होतं म्हणून तिच्याऐवजी काकडीचा तुकडा ठेवला, वरून गडद कापड. पिंजरा त्या दिवशी साफ केला नाही. लघवीचा वास, धूळ, बेडिंग कसं आहे, हे डॉक्टरांना फोटोत दाखवता आलं.

बराच वेळ थांबावं लागलं. त्या बाकावर शेजारी बसलेल्यांकडून आणि नंतर डॉक्टरांकडून जे समजलं ते तुमच्याकडे दुसरा लहान प्राणी असेल तर उपयोगी पडेल. एका मुलाच्या मांडीवर पांढरा उंदीर होता, रॅट, डोळ्यांभोवती लाल ओघळ. तो घाबरून 'रक्त येतंय' म्हणत होता. ते रक्त नसतं. डोळ्यामागे हार्डर ग्रंथी असते, तिच्या स्रावात पॉर्फिरिन नावाचं लालसर द्रव्य असतं. एरवी उंदीर ते पुसून टाकतो. ताण किंवा श्वसनाचा आजार असला की स्राव वाढतो आणि पुसायचं त्राण उरत नाही. म्हणजे तिथे डोळ्याच्या आधी छाती तपासायची. गिनीपिगच्या डोळ्यात अधूनमधून दुधासारखा पातळ थेंब येतो, त्याने तो तोंड धुतो. ते निरोगी आहे. पण खपली धरत असेल तर गवताची काडी टोचलेली असू शकते किंवा क जीवनसत्त्व कमी पडत असू शकतं, कारण गिनीपिगचं शरीर ते बनवू शकत नाही. सशाच्या डोळ्यातून पांढरा घट्ट पू येत असेल तर दाढा-दातांची मुळं बघावी लागतात. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, मुळं मागे सरकून अश्रूंच्या नळीला दाबतात, नळी तुंबते आणि पू डोळ्यात उतरतो. अशा वेळी नुसते थेंब घालत बसलं तर महिनोन्‌महिने तेच चालतं. डॉक्टर म्हणाले, "लहान प्राण्यात डोळा फक्त दिसतो. कारण पुष्कळदा दुसरीकडे असतं." ते वाक्य मी केसपेपरच्या मागे लिहून घेतलं.

आत गेल्यावर प्रश्न बरेच झाले. बेडिंग कसलं, आंघोळीची वाळू कोणती, चाक कसलं, दुसरा प्राणी आहे का, शेवटचं कधी खाल्लं, शी कशी आहे. एका फॉर्मवर सही करायची होती: हॅमस्टरसाठी परवाना असलेली औषधं फारच कमी असतात, त्यामुळे माणसांची किंवा दुसऱ्या प्राण्यांची औषधं मात्रा कमी करून दिली जातील, हे मला समजलं आहे. ही सही बघून दचकू नका. उलट ती मागितली जाते तिथे विचार करून औषध दिलं जातं, असा माझा अनुभव.

मग ती रंगाची तपासणी. फ्लुओरेसीनची नारिंगी टोकाची कागदी पट्टी असते. सलाईनने ओली करून तिचा थेंब डोळ्यात सोडला, मिनिटभराने धुतला, दिवे बंद केले आणि निळा प्रकाश टाकला. कॉर्नियाचा वरचा थर शाबूत असेल तर रंग वाहून जातो, खरचटलं असेल तिथे धरून राहतो. चिंगीच्या डोळ्याच्या वरच्या भागात दोन बारीक, उभ्या, हिरव्यागार रेघा चमकल्या. माझी लेक शेजारी उभी होती. "आई, ती आंधळी होणार का?" तिने विचारलं. उत्तर डॉक्टरांनी दिलं: जखम वरवरची आहे, आणि एक डोळा गेला तरी हॅमस्टर वास आणि मिशांवर छान जगतो, पण तशी वेळ येऊ देणार नाही.

उभ्या रेघांचा अर्थ त्यांनी समजावला. वरच्या पापणीखाली काही अडकलं असेल तर डोळ्याच्या प्रत्येक उघडझापीला ते बुबुळावर वरखाली घासतं. पापणी उलटून बघायचा प्रयत्न झाला, पण ती जागी असताना दिसेना. आधी औषधाने सूज उतरू दे, असं ठरलं. ऑफ्लॉक्सासिनचे थेंब दिवसातून चार वेळा, वेदनेसाठी तोंडाने मेलॉक्सिकॅम, शनिवारी पुन्हा तपासणी. डोळा दुखत असला तर प्राणी खात नाही, त्यामुळे वेदनेचं औषध मागून घ्या. ते आपणहून दिलं जाईलच असं नाही.

थेंब घालणं हा सगळ्यात धास्तीचा भाग वाटत होता. हॅमस्टरला मानेची कातडी घट्ट आवळून धरायचं नाही. कातडी मागे ताणली गेली की डोळे पुढे येतात, आणि डोळा खोबणीतून बाहेर येण्याचा धोका खराच असतो. तसं कधी झालं तर आत ढकलू नका. सलाईनचा ओला गॉझ ठेवून तडक दवाखाना गाठा. आम्ही जमिनीवर बसून करायचो, हातातून सुटली तरी पडू नये म्हणून. लेक छोट्या रुमालात तिला सैलसर गुंडाळून छातीशी धरायची, फक्त तोंड बाहेर. मी मागच्या बाजूने हात आणून थेंब सोडायचे. समोरून येणारी बाटली बघून प्राणी मागे सरकतो. थेंब कोपऱ्यात पडला तरी चालतो, मिचकावल्यावर पसरतो. आपल्या बाटलीतला एक थेंब तिच्या डोळ्याला पुरून उरतो, उरलेला लगेच गॉझने टिपायचा, नाहीतर चाटला जातो. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. थेंबानंतर लगेच सूर्यफुलाचं एक बी. तिसऱ्या दिवसापासून ती रुमाल बघून पळायची थांबली, म्हणजे बी कामाला आलं.

पिंजऱ्यातही बदल केला. लाकडाच्या भुशाऐवजी धूळ नसलेलं कागदी बेडिंग आणलं. देवदार आणि पाइनच्या भुशातली तेलं डोळे आणि श्वासनलिकेला झोंबतात. आंघोळीसाठी पिठासारखी बारीक पावडर विकली जाते ती काढून भरड वाळू ठेवली. लघवीचा कोपरा रोज पुसायचा, कारण साचलेल्या लघवीतला अमोनियाच डोळे लाल करायला पुरतो. मात्र सगळा पिंजरा एका दमात धुतला नाही. घरट्यातलं थोडं जुनं, कोरडं बेडिंग ठेवलं. स्वतःचा वास नाहीसा झाला की हॅमस्टर बिथरतो, आणि आजारपणात तो ताण नको.

शनिवारी, ९ तारखेला, सूज उतरली होती, पू जवळजवळ थांबला होता. रंग घातला तर रेघा तिथेच. साधं खरचटणं असेल तर इतक्या दिवसांत ते भरत यायला हवं होतं. मला तो दिवस फार जड गेला. मंगळवारी भूल देऊन पापणी उलटून बघायचं ठरलं.

नातेवाइकांपैकी एकांनी तेव्हाच फोनवर विचारलं, "एवढा खर्च करण्यापेक्षा नवीन का नाही आणत?" हे तुम्हालाही ऐकावं लागेल. दुखणाऱ्या डोळ्याला वेदना आहे, आणि ती आमच्या घरात आहे, एवढं मला पुरेसं होतं. खर्चाबद्दल मात्र मोकळेपणाने बोलावं. तपासणी, रंग, भूल, प्रयोगशाळेतली चाचणी, पुढच्या फेऱ्या, असा वेगवेगळा अंदाज मी आधीच लिहून मागितला. थेंबांचा खर्च सगळ्यात कमी होता, भूल आणि प्रयोगशाळा जास्त. यातलं कोणतं थांबू शकतं, असं विचारलं की डॉक्टर नीट सांगतात. आमच्याकडे भूल थांबणारी नव्हती.

भुलेच्या आधी कुत्र्या-मांजरांसारखं उपाशी ठेवायचं नसतं. हॅमस्टरला उलटी होत नाही, आणि उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर पटकन उतरते. पण गालाच्या पिशव्यांत दाणे भरलेले असतील तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतात. ते त्यांनीच झोपवल्यावर आधी काढले. संमतीपत्रात भुलेचा धोका स्पष्ट लिहिलेला होता. सही करताना हात थरथरला.

थोड्याच वेळात आत बोलावलं. गॉझच्या पांढऱ्या चौकोनावर एक तुसाचा तुकडा होता, पापणीच्या केसाएवढा, फिकट पिवळा, एका टोकाला बारीक काटेरी. भुशातला किंवा धान्याच्या सालीतला असावा. त्यांनी भिंग हातात दिलं. भिंगाखाली एका दिशेने वळलेले काटे दिसत होते. ते पापणीच्या आतल्या बाजूला रुतले होते, म्हणून सलाईनने धुऊनही तो निघाला नव्हता. त्याच वेळी त्यांनी पुढच्या दातांची मुळं, गालाच्या पिशव्या आणि दुसरा डोळा तपासला, आणि स्वाब घेऊन प्रयोगशाळेत पाठवला. चिंगी काही मिनिटांत शुद्धीवर आली. ऊबदार ठेवा आणि रात्रीत खाते का बघा, असं सांगितलं. तिने मध्यरात्रीच्या आत बी फोडलं.

प्रयोगशाळेचा अहवाल गुरुवारी आला: स्टॅफिलोकोकस, ऑफ्लॉक्सासिनला दाद देणारा. औषध बदलावं लागलं नाही. डोळा उघडा आणि स्वच्छ दिसू लागला तरी थेंब मध्येच बंद करायचे नाहीत, असं बजावलं होतं, आणि मोह खूप होतो. २२ तारखेला निळ्या प्रकाशात एकही रेघ दिसली नाही, फक्त धुरकट ठिपका होता. भरलेल्या जखमेचा तसा ठिपका काही काळ राहतो. २९ला तोही जवळपास गेला होता. वजन १३० ग्रॅम.

यातून काही गोष्टी घरात कायमच्या झाल्या आहेत. सलाईनच्या छोट्या एकवेळच्या कुप्या आणि गॉझ पिंजऱ्याजवळच्या डब्यात आहेत. उघडलेली थेंबांची बाटली चार आठवड्यांनंतर टाकून द्यायची असते, म्हणून तिच्यावर उघडल्याची तारीख लिहिली होती आणि ती टाकलीही. वजन आता आठवड्यातून एकदा. चिंगीच्या केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल अक्षरात लिहिलंय: पेनिसिलिन गट, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन देऊ नये, रंगाची तपासणी झाल्याशिवाय स्टेरॉइडचे थेंब नकोत. रात्रीच्या वेळी घाईत अनोळखी दवाखान्यात जावं लागलं तर तो कागद आधी पुढे करायचा. डोळा बाहेर आला, बुबुळ अचानक पांढरं किंवा निळसर झालं, चेहऱ्याची एक बाजू सुजली किंवा खाणं थांबलं, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री निघायचं. तो फोन नंबरही त्याच पानावर आहे.